जाडी नसलेला पत्रा

मी आयुष्यात केलेल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या गैरसोयीपुरत्या राहिल्या. एक मात्र जाम गावाच्या अलीकडे, महामार्गाला लागून असलेल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये अजून उभी आहे. ती आठ फूट उंच आहे, गंजू नये म्हणून तिला राखाडी रंग दिला आहे, आणि हंगामाच्या सुरुवातीला तिला हळदकुंकू वाहतात.

वर्ध्याच्या कडेला असलेल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवतो. माझा विषय हवा. हवा कुठून येते, कशावर आपटते, कुठे घुटमळते, हे प्रत्यक्ष न बघता संगणकावर गणित मांडून सांगायचं. बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना मी हवामान खात्यात आहे असं वाटतं. हरभऱ्याला घाटे धरले की कुणीतरी फाटकाशी थांबून विचारतं, "सर, गारपीट होते का औंदा?" मी "नाही" म्हणतो. आतापर्यंत माझे अंदाज फारसे वाईट निघालेले नाहीत.

हे गणित असं चालतं. एखाद्या खोलीतली हवा लहान लहान डब्यांत वाटायची. प्रत्येक डबा आपल्या शेजाऱ्याला विचारतो, तू मला किती दिलीस, मी तुला किती देऊ. सगळ्या डब्यांचा हिशेब जुळला की गणित सुटलं. अडचण पातळ वस्तूंची होते. खोली शंभर फूट लांब आणि तिच्यात उभा केलेला पत्रा नखाएवढा जाड. पत्र्याची जाडी दाखवायची तर डबेही तेवढेच बारीक घ्यावे लागतात, मग त्यांची संख्या अफाट होते आणि आमचे संगणक मान टाकतात. म्हणून आम्ही पत्र्याची जाडी काढून टाकतो. राहतो तो नुसता पृष्ठभाग. त्याला एक पुढची बाजू असते, एक मागची बाजू असते, आणि मधे काही नसतं. अशी वस्तू जगात सापडायची नाही, असं मी वर्गात दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी आमच्या एका ट्रस्टींचं नाव घेतं.

अशा पत्र्याला एक गोष्ट बजावून सांगावी लागते. तू भिंत आहेस. तशी एक यादी असते, त्यातून 'भिंत' निवडायचं. निवडलं नाही तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. पत्रा चित्रात दिसतो, त्याला रंगही देता येतो. फक्त हवेच्या दृष्टीने तो तिथे नसतो. ती त्याच्यातून सरळ निघून जाते.

त्या वर्षी आमच्या प्राचार्यांना उद्योगांशी सामंजस्य करार करण्याचा नाद लागला होता. मोडके बाक ठेवायच्या खोलीला 'संशोधन व विकास केंद्र' अशी पाटी लागली. बाक तिथेच राहिले. करार करायला येणाऱ्या प्रत्येकाला शाल आणि नारळ दिला जाई, आणि करार झाल्यावर दोन्ही बाजूंना आता काय करायचं हे कुणालाच माहीत नसे. जिनिंगचे शेठजी मात्र शाल घडी करून मांडीवर ठेवून म्हणाले, "आमच्या शेडमधे बायांना रुईचा त्रास होते. त्याचं काही करता येते का?" प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शालींची टिंगल करणारा म्हणून कॉलेजात ओळखला जातो. अशा माणसाला खरं काम नेमून देणं हा त्याचा बंदोबस्त असतो.

मी पहिल्यांदा गेलो तो मार्च महिना होता, होळी होऊन गेली होती. शेडमध्ये ओळीने बारा मशिनी. ओट्यावर कापसाचा ढीग, आणि प्रत्येक मशिनीमागे एक बाई हाताने कापूस मोकळा करून आत लोटते. सरकी खाली पडते, रुई पलीकडे निघते, आणि जे या दोन्हींत मोडत नाही ते हवेत राहतं. बायांच्या भुवया पांढऱ्या होत्या. दारात माचीस काढून घेतात, कारण तिथे एक ठिणगी पुरते. तेव्हा विडी नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा चालतो.

चौथ्या मशिनीवरच्या बाईंशी माझी ओळख झाली ती त्यांनी करून घेतली म्हणून. पन्नाशीच्या, उंच, नाकात चमकी. बहिणीशी फोनवर गोंडीत बोलत, मशिनीला वऱ्हाडीत शिव्या देत.

"तुम्ही का धुळीचे डॉक्टर होय का?"

"नाही मावशी, मी कॉलेजात शिकवतो."

"मास्तर होय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "म्या म्हणलं डॉक्टर असन. डॉक्टर आला असता तं कामी पडला असता."

शेजारीण हसली. मग मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे पाहा मास्तर. मले दिवाळीनंतर खोकला लागते. दर साल लागते. होळी जळली का तोही जाते. औंदा होळी जळली, गेला नाई. सावंगीच्या दवाखान्यात फोटो काढला छातीचा. डॉक्टर म्हणते धुळीत जाऊ नका. मंग जाऊ कुठी? घरी बसून का खांब मोजू?"

चौथी मशीन माझ्या नोकरीपेक्षा जुनी होती आणि मावशी तिच्यावर सुरुवातीपासून होत्या. त्यांना नुकसानभरपाई नको होती, सुट्टी नको होती. त्यांना त्या मशिनीमागे उभं राहता येईल एवढा श्वास हवा होता. त्यांनी हे अगदी साध्या शब्दांत सांगितलं आणि मी वहीत 'तक्रार: श्वसनविषयक' असं लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

शेठजींची कल्पना सरळ होती. रुई पलीकडच्या बाजूला उडते, बाया अलीकडे. मधे प्रत्येक मशिनीशी एक पत्रा उभा करायचा, खाली हातभर जागा कापूस लोटायला ठेवायची. कुठे, किती उंच, ते मी सांगायचं. मी टेप घेऊन शेड मोजली, पंखे मोजले, शटर मोजली. मावशींची उंचीही मोजली. त्या म्हणाल्या, "मास्तर, मयत झाल्यावर मोजतात बाप्पा."

मे महिन्यात मी गणित मांडलं. बायांच्या जागी बारा उभी नळकांडी ठेवली. माणसाच्या आकाराचं काही काढायला वेळ लागतो आणि हवेला फरक पडत नाही, असा आमच्यात समज आहे. ही नळकांडी खोकत नव्हती. मुळात श्वासच घेत नव्हती. धूळ मी फक्त मशिनीतून सोडली. बायांच्या हातातल्या कापसातूनही ती उडते हे मला दिसलं होतं, पण ते मांडणं कटकटीचं होतं. पंखे मी त्यांच्यावर लिहिलेल्या ताकदीने फिरवले. प्रत्यक्षात अर्धे रुईने बुजलेले होते.

आणि जाडी नसलेला पत्रा उभा केला.

एरवी असं गणित मला आठवडा आठवडा छळतं. चूक दाखवणारा आकडा कमी व्हायचा तो वाढतो, एका जागी अडतो, पुन्हा चढतो. त्या दिवशी दुपारी गणित लावून मी चहाला गेलो, परत आलो तर ते सुटलेलं होतं. आलेखातल्या सगळ्या रेषा एकदम खाली. या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. सगळ्यांवर शंका घेणारा अशी माझी ख्याती आहे. पण तोपर्यंत मी ती इतरांवरच घेत आलो होतो.

चित्र फार देखणं आलं. निळे बाण शटरमधून शिरत होते, नळकांड्यांवरून जात होते, मशिनीवरची लाल धूळ उचलून पंख्यांतून बाहेर पडत होते. बायांची बाजू आकाशासारखी स्वच्छ. तुलनेसाठी मी पत्र्याशिवायचं गणितही करायला हवं होतं. ते केलं नाही. त्याऐवजी शेडचा मोबाइलवर काढलेला धुळकट फोटो शेजारी लावला. फोटो आणि गणिताचं चित्र शेजारी ठेवलं की चित्रच जिंकतं. अहवालावर मी सही केली.

दिवाळीनंतर जिनिंगमध्ये काटापूजन असतं. पहिला कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं, वजनकाट्याला हार, मशिनींना हळदकुंकू. त्या मुहूर्तावरच पत्र्यांचं उद्घाटन ठेवलं होतं. प्राचार्य आले, त्यांच्याबरोबर फ्लेक्स आला. फ्लेक्सवर प्राचार्यांचा चेहरा मशिनीएवढा होता, शेठजींचा त्याहून थोडा लहान, आणि खाली माझं चित्र. शेठजींच्या आई, पंचाऐंशीच्या, हातात तबक घेऊन ओळीने सगळ्याला कुंकू लावत चालल्या. मशीन, काटा, मग एकेक पत्रा.

शेजारी उभा असलेला फिटर मला हळूच म्हणाला, "आता हे हंगामभर हालत नाई, सर. ज्याले मुहूर्ताचं कुंकू लागलं त्याले उलंगवाडीपर्यंत कोनी हात लावत नाई. एका साली म्हातारीनं चुकून दारातल्या मोडक्या स्टुलाले लावलं. चार महिने सारे त्याच्यावरून उड्या मारून राह्यलते." उलंगवाडी म्हणजे शेवटचा कापूस वेचून हंगाम संपणं. मला स्टुलाची गोष्ट फार आवडली. घरी जाऊन मी ती सांगितलीही.

भाषणं झाली. प्राचार्यांनी 'श्रमिक भगिनींच्या श्वासाला विज्ञानाचं कवच' असं म्हटलं. बाया मागे उभ्या होत्या, कारण खुर्च्या पुढच्यांसाठी होत्या. नारळ फुटल्यावर मावशी फ्लेक्ससमोर येऊन थांबल्या.

"हे नळ काय होय, मास्तर?"

"त्या तुम्ही आहात, मावशी. सगळ्या बाया."

"मी अशी दिसतो?" मग बोट पुढे करून, "अन् हा पत्रा?"

"हो."

"मंग हे बाण पत्र्यातून काऊन जाऊन राह्यले?"

दोघी-तिघी हसल्या. शेठजींनी मान वळवली. मी मावशींना समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावलं. म्हटलं, शेड खरी लांब-रुंद-उंच आहे, चित्र मात्र सपाट आहे. काही बाण पत्र्याच्या वरून जातात, काही कडेने जातात. सपाट कागदावर ते आरपार गेल्यासारखे वाटतात. हातानेही दाखवलं. प्राचार्य कौतुकाने बघत होते. मी इतरांच्या भाषणांना नावं ठेवत आलो. त्या दिवशीचं सर्वांत पोकळ भाषण माझं होतं, आणि ते मी माईकशिवाय केलं.

"असन," मावशी म्हणाल्या. "तुम्ही शिकेल मानूस हा."

जानेवारीत काही कामासाठी हिंगणघाटला गेलो होतो, परतताना जिनिंगकडे वळलो. कौतुक ऐकायला वळलो, हे कबूल करायला हवं. शेडमध्ये पाय ठेवला आणि मला ठसका लागला. पत्र्यांच्या अलीकडे हवा पिठासारखी होती. मावशींनी पदर नाकावर आवळून बांधला होता. मला बघून त्यांनी मशीन शेजारणीला सांभाळायला दिली. आधी खोकल्या. खोकला संपायची वाट बघत मी पत्र्याकडे बघत होतो. त्यावरचं कुंकू अजून तसंच होतं.

"अगुदर शटरमधून वारा यायचा," त्या म्हणाल्या. "तिकडं निघून जायचा. आता येते अन् हितंच बसते. पाव्हण्यासारखा."

मग त्यांनी चिमूटभर रुई घेतली, छातीएवढ्या उंचीवर धरली आणि सोडली. ती चिमूट पत्र्याकडे गेली, पत्र्याशी वर चढली, मागे वळली आणि सावकाश येऊन मावशींच्याच डोक्यावर बसली. त्यांनी ती काढली नाही.

"तुमच्या फोटोत हे पंख्यातून बाहीर जाते," त्या म्हणाल्या.

शेडमधून मी सरळ कॉलेजला गेलो. ती फाइल उघडायला पाच मिनिटं लागली आणि चूक सापडायला एक. यादीत पत्र्यासमोर 'भिंत' नव्हतं. चित्रात राखाडी रंग मी दिला होता, नावही दिलं होतं, पण भिंत म्हणायला विसरलो होतो. मे महिन्यात मी जे सोडवलं ते पत्रा नसलेल्या शेडचं गणित होतं. म्हणून ते चहाच्या आत सुटलं. आणि बाण पत्र्यातूनच जात होते.

मी 'भिंत' निवडलं, धूळ कापसातूनही सोडली, पंखे अर्धे बंद केले आणि गणित पुन्हा लावलं. या वेळी ते सुटायला नऊ दिवस लागले. चित्र आलं तेव्हा नळकांड्यांभोवती लाल ढग होता, आणि पत्र्याशी वर चढून मागे वळणारी एक वळसेदार रेषा होती. मावशींच्या डोक्यावर संपणारी. ते माझ्या नोकरीतलं सर्वांत अचूक चित्र असावं.

ते घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. मूल्यांकन समिती महिन्यावर आली होती आणि पहिलं चित्र तोपर्यंत माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलं गेलं होतं. त्यांनी दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी ठेवली.

"दोन्ही आपल्याच संगणकातून निघाली ना, सर?"

"हो."

"तेच सॉफ्टवेअर? तुम्हीच केलंत?"

"हो."

"मग पहिलं चूक आणि दुसरं बरोबर, हे कशावरून? पहिल्या वेळीही तुम्ही असंच खात्रीने सांगितलं होतं."

हे ते टाळण्यासाठी म्हणाले होते. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला शास्त्रीय प्रश्न होता, आणि माझ्याकडे उत्तर म्हणून फक्त एका बाईच्या डोक्यावरची चिमूटभर रुई होती.

शेठजींनी नीट ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. तसे असते तर मला लिहायला सोपं गेलं असतं. चहा सांगितला, चित्र उलटसुलट बघितलं, आणि म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता तर खरं असेल. पण आईच्या हातचं कुंकू आहे. हंगामात हलवलं आणि उद्या कुणाचा हात मशिनीत गेला, तर ती म्हणेल पत्रे काढले म्हणून. उलंगवाडी होऊ द्या. मी स्वतः काढून देतो."

फिटर दारात उभा होता. मला स्टूल आठवलं.

मी बायांसाठी मास्क घेऊन गेलो. दोन दिवस लावले त्यांनी. तिसऱ्या दिवशी मशिनींच्या दांड्यांना लटकत होते. "तोंड बांधून बोलता येत नाई," शेजारीण म्हणाली, "अन् बोलल्याबिगर दिवस जात नाई." मावशींनी मात्र लावून ठेवला होता. त्या फार बोलतही नव्हत्या. फेब्रुवारीच्या शेवटी त्या यायच्या बंद झाल्या.

मार्चमध्ये शेठजींनी शब्द पाळला. पत्रे उतरले, त्यांच्यावर खडूने एक ते बारा आकडे घालून ते गोदामात उभे केले. मी जाऊन बघून आलो. तो दिवस बरा गेला.

उन्हाळ्यात कारखाना तपासायला कुणी साहेब आले. त्यांनी धुळीबद्दल विचारलं. शेठजींच्या कारकुनाने माझा अहवाल पुढे केला, सही-शिक्क्यासकट. साहेबांनी आपल्या कागदावर लिहिलं की धूळप्रतिबंधक व्यवस्था आहे. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं, पत्रे पुन्हा चढत आहेत असं फिटरने फोनवर सांगितलं तेव्हा. मी शेठजींना फोन केला.

"कागदावर पत्रे आहेत, सर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचं जाणवत होतं. "शेडमधे नसले तर मी दाखवू काय?"

मी अहवाल मागे घेत असल्याचं पत्र त्या तपासणी साहेबांच्या कार्यालयाला लिहिलं. प्राचार्य म्हणाले, योग्य मार्गाने पाठवू. योग्य मार्ग त्यांच्या कपाटात जाऊन संपला. मग मी स्वतःच रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोच आली. पोचेवरची सही मला वाचता आली नाही. त्यापुढे काही आलं नाही.

दिवाळी झाल्यावर लगेच मावशींच्या घरी गेलो. जामपासून आत, रस्ता संपतो तिथलं गाव. त्या ओसरीत खाटेवर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. ओसरीची उघडी बाजू फ्लेक्स बांधून बंद केली होती. तोच फ्लेक्स. प्राचार्यांचा चेहरा बाहेरच्या बाजूला गेला होता, आतून त्याची फिकट छाया दिसत होती, आणि तिच्यावरून उलटे बाण. वारा आला की सगळं फुगायचं आणि परत बसायचं.

"मस्त हाय," मावशी म्हणाल्या. "वारा अडते."

मी त्यांना सांगितलं. येताना वाक्यं जुळवली होती, ती बाजूला राहिली. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी विचारलंत ते बरोबर होतं. बाण पत्र्यातूनच जात होते. मी गणितात पत्रा धरायलाच विसरलो होतो.

"म्हणजे पत्रा नसता तं बरं होतं?"

"हो."

"अन् तुम्ही मले हात करून करून समजावलं." त्या हसायला गेल्या आणि खोकला आला. तो बराच वेळ चालला. घरातून कुणी पाणी घेऊन आलं नाही, कारण घरात कुणी नव्हतं. मी उठून माठातून पाणी दिलं.

"सून गेली," पाणी पिऊन त्या म्हणाल्या. "मशिनी साफ कराले. चौथी मशीन तिची. माहीच जागा भेटली तिले. शेठजींनं लगेच दिली, भला माणूस." पेला खाली ठेवला. "मास्तर, माहं सोडा. माहं झालं. पन तिच्या पुढचा तेवढा एक पत्रा काढाले सांगजा. बाकीचे राहू द्या फोटोसाठी."

काटापूजन परवावर आलं होतं. म्हणजे कुंकू लागायला दोन दिवस होते. मी तिथूनच जिनिंगला गेलो. शेठजी नागपूरला गेले होते. फिटर होता. त्याने सगळं ऐकलं, पान्हा उचलला, आणि चौथ्या पत्र्याचे खालचे चार बोल्ट काढून खिशात टाकले. पत्रा वरच्या बोल्टांवर लटकत राहिला आणि एका बाजूने चार बोटं सुटला.

"याच्यापरीस जास्त मले जमत नाई, सर. पुरा काढला तं दिसते."

दोन दिवसांनी म्हातारीने त्याला सुटलेल्या अवस्थेतच कुंकू लावलं. म्हणजे आता ती फटसुद्धा उलंगवाडीपर्यंत कुणी बुजवणार नव्हतं. एवढं एक झालं.

मी त्या फटीचं गणित केलं. चार बोटांची फट, अर्धे पंखे, कापसातून उडणारी धूळ. चौथं नळकांडं या वेळी माणसाच्या आकाराचं केलं, सुनेच्या उंचीचं, आणि त्याला नाकाच्या जागी श्वास दिला. बारा दिवस लागले. नाकाशी येणारी धूळ होती तेवढीच राहिली. फटीतून थोडी हवा जाते खरी, पण ती जमिनीलगत जाते, पायांजवळून. ते चित्र मी छापलं नाही.

परवा मावशींचा फोन आला होता. आवाज लांबून आल्यासारखा. मधे मधे थांबत होत्या.

"सून म्हणते, बाकीच्या बायांपरीस तिले जरा बरं हाय. फटीतून वारा लागते म्हणते. खोकला हाय, पन थोडासाक." मग, "तुमच्या गणितात का येते, मास्तर?"

"बरं येतं, मावशी," मी म्हणालो.

फोन ठेवून फाइल पुन्हा उघडली. कुठेतरी चुकलो असेन तर बरं, म्हणून. यादीत पत्र्यासमोर 'भिंत' होतं. तीनदा पाहिलं.